काळी काच, वऱ्हाडची तपन आणि ७०-५०चा हिशेब

२०२४च्या मे महिन्यात अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यात कलम १४४ लावलं होतं. कुठं दंगल नव्हती की मोर्चा नव्हता. कारण होतं ऊन. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता, सर्वांत तापत्या नऊ दिवसांचा नवतपा सुरू झाला होता. कामगारांना पाणी-पंखे द्या, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असा तो आदेश होता. उन्हासाठी जमावबंदीचं कलम वापरावं लागणारा हा मुलूख आहे. त्यामुळे पातूरच्या एखाद्या माणसानं नवी गाडी घेतली की पेढ्यांनंतरचा दुसरा प्रश्न 'काच काळी करायची का?' हाच असतो, यात नवल नाही.

ही हौस नेहमी रुबाबासाठी असते असं समजणं चूक आहे. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता अकोल्याहून पातूरला तीसेक किलोमीटर यायचं, मागं म्हातारी आई आणि कडेवरचं लेकरू, आणि उन्हाची तिरीप थेट त्यांच्या मांडीवर. अशा वेळी माणूस काचेला काळी फिल्म लावणाऱ्या रेडियमच्या दुकानात जाणारच. प्रश्न एवढाच, की तिथून तो जे लावून घेतो त्यानं ऊन कमी होतं का, आणि कायदा त्याला काय म्हणतो. दोन्हींची उत्तरं बहुतेकांना वाटतात त्यापेक्षा वेगळी आहेत.

दोन आकडे पाठ करा

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यातला नियम १०० काचेचा. पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के प्रकाश आरपार जाऊ देणारी हवी, बाजूच्या काचा किमान ५० टक्के. पुढच्या काचेचं सगळ्यांना माहीत असतं. मागच्या काचेलाही ७०च लागतात, हे ऐकून मात्र भलेभले चमकतात. आपल्याकडं 'मागची गच्च काळी केली तर काय बिघडतं' असा सार्वत्रिक समज आहे, आणि गंमत म्हणजे जगातल्या अनेक देशांत तो खराही आहे. भारतात नाही.

आता खरी मेख. हे टक्के काचेचे आहेत, फिल्मचे नाहीत. कंपनीतून गाडी येते तेव्हाच काचेला हलकी हिरवट झाक असते, म्हणजे ती मुळातच १०० टक्के प्रकाश सोडत नाही. समजा, तुमच्या गाडीची बाजूची काच ७५ टक्के सोडते. दुकानदार म्हणतो, 'भाऊ, पन्नासची टाकून देऊ का? चालते कायद्यात.' पंच्याहत्तरच्या काचेवर पन्नासची फिल्म, म्हणजे पंच्याहत्तरचे निम्मे, साडेसदतीस. काच नियमाबाहेर गेली. त्या काचेला पन्नासाच्या वर राहायचं तर फिल्म ६७ टक्क्यांच्या पुढची हवी. पुढच्या काचेचं गणित त्याहून कडक आहे. तीही ७५ची असेल तर फिल्म ९३ टक्क्यांहून जास्त प्रकाश सोडणारी हवी, म्हणजे लावली आहे की नाही हे डोळ्याला कळूही नये इतकी स्वच्छ. पाकिटावरचा आकडा दाखवून विकली जाणारी बरीचशी 'कायदेशीर' फिल्म या एका गुणाकारात नापास होते.

४ मे २०१२

या तारखेपासून देशभर पोलीस गाड्यांच्या काचा खरवडायला लागले. त्याआधी आठवडाभर, २७ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला होता. खंडपीठावर सरन्यायाधीश सरोश कापडिया होते, मूळचे मुंबईचे. निकालाचा गाभा असा: नियमातले ७० आणि ५० हे टक्के कारखान्यात काच तयार होताना साधायचे आहेत. नंतर वरून काहीही चिकटवायचं नाही, मग ते किती का टक्क्यांचं असेना.

'किती का टक्क्यांचं असेना' हेच शब्द फिल्म विकणाऱ्यांच्या वर्मी लागले. ७० टक्क्यांची पारदर्शक फिल्मही बाद. उत्पादक पुन्हा न्यायालयात गेले, ऑगस्ट २०१२मध्ये त्यांना पुन्हा नकार मिळाला. सवलत मिळाली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेतल्या व्यक्तींच्या गाड्यांना, तीही तपासून, परवानगी घेऊन. आमदार, खासदार, अधिकारी, अध्यक्ष, सभापती यांपैकी कुणालाही नुसत्या पदामुळं काळी काच मिळत नाही. लाल दिवा १ मे २०१७ला उतरला. काळी काच कागदावर त्याच्या पाच वर्षं आधीच उतरली होती.

२०१२च्याच डिसेंबरात दिल्लीत ज्या चालत्या बसमध्ये सामूहिक बलात्कार झाला, त्या बसला काळ्या काचा आणि पडदे होते. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री, आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे यांनी काळ्या काचांच्या आणि पडद्यांच्या बस जप्त करू असं संसदेत सांगितलं. आतलं बाहेर दिसायला हवं, हा आग्रह त्यानंतर कुणाला फाजील वाटला नाही, आणि वाटूही नये.

मधला थर चालतो, वरचा नाही!

२०१२च्या निकालातला एक बारकावा फार सुंदर आहे. प्लास्टिकला कायद्याचा विरोध कधीच नव्हता. तुमच्या गाडीची पुढची काच म्हणजे काचेचे दोन पातळ ताव आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेला प्लास्टिकचा पारदर्शक थर. तो मधला थर कायदेशीर. तसलाच थर आतून चिकटवला की त्या निकालानुसार बेकायदा.

या मधल्या थराची गोष्ट १९०३ सालची. फ्रेंच चित्रकार आणि रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत काचेचा एक चंबू फळीवरून खाली पडला. तडकला, पण तुकडे झाले नाहीत. आत पूर्वी ठेवलेलं सेल्युलोज नायट्रेट वाळून काचेला आतून पातळ पापुद्र्यासारखं धरून बसलं होतं. १९०९मध्ये त्यांनी पेटंट घेतलं आणि जोडकाच जन्माला आली. आज पातूरच्या घाटात एखाद्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा पुढच्या काचेला कोळ्याचं जाळं पाडतो, पण काच मांडीवर सांडत नाही, ती त्या पडलेल्या चंबूची कृपा. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत वेगळ्या असतात. तापवून झटकन थंड केलेल्या, फुटल्या तर बोथट दाण्यांचा चुरा होणाऱ्या.

काळं म्हणजे थंड? मुळीच नाही

इथं थोडं थांबू या, कारण सगळा घोळ इथं आहे.

सूर्याची जी ऊर्जा जमिनीवर येते, तिच्यापैकी साधारण निम्मी आपल्याला दिसतच नाही. ती इन्फ्रारेड. डोळ्याला दिसणारा उजेड ४०-४५ टक्के, उरलेले पाचेक टक्के अतिनील. साधी रंगाची काळी फिल्म काय अडवते? मुख्यतः दिसणारा उजेड. म्हणून आत बसल्यावर डोळ्यांना गार वाटतं आणि आपण समजतो, गाडी गार झाली. इन्फ्रारेडचा बराच भाग मात्र आत येतच राहतो. शिवाय काळा रंग जो उजेड गिळतो त्याची उष्णता होते, काच तापते आणि त्यातली काही उष्णता आत फेकते. मेच्या दुपारी काळ्या काचेला आतून हात लावून बघा, लगेच कळेल.

उलट सिरॅमिक नावानं मिळणाऱ्या फिल्ममध्ये धातूंच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असतात. ते इन्फ्रारेड अडवतात आणि दिसणारा उजेड बऱ्यापैकी सोडतात. म्हणजे जवळजवळ पांढरी दिसणारी काच गच्च काळ्या काचेपेक्षा जास्त ऊन अडवू शकते. दुकानात गेलात तर रंग विचारू नका. 'इन्फ्रारेड किती अडवते आणि उजेड किती सोडते' हे दोन आकडे विचारा. तिसरा प्रकार धातूचा मुलामा दिलेल्या चकचकीत फिल्मचा. ती ऊन परतवते खरी, पण रेडिओ लहरींनाही आडवी येते. पुढच्या काचेवर ती असेल तर फास्टॅगच्या वाचनात अडथळा येऊ शकतो, आणि टोलनाक्यावर मागच्यांचे हॉर्न सुरू होतात.

आता दोन अभ्यास सांगते, दोन्ही अमेरिकेतले, पण वऱ्हाडाला तंतोतंत लागू. २००५ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाड्यांमधलं तापमान मोजलं. तासाभरात आतला पारा सरासरी २२ अंश सेल्सियसनं चढला, आणि त्यातली ८० टक्के चढण पहिल्या अर्ध्या तासातली. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. बाहेरची हवा त्यांच्याकडं २२ ते ३६ अंश होती. आपल्याकडं मेमध्ये ४४-४५ असते. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून लेकराला बंद गाडीत ठेवून बँकेत जाऊ नका. काच कुठलीही असो, फिल्म कितीही महाग असो, कधीच नाही.

दुसरा अभ्यास २०११चा, बर्कलेच्या प्रयोगशाळेतला. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक काळी, एक चंदेरी, उन्हात शेजारी शेजारी. चंदेरी गाडीच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड राहिली. अकोल्याच्या रस्त्यावर पांढऱ्या गाड्यांचा भरणा असतो तो उगीच नाही. गाडीचा रंग निवडतानाच तुम्ही फिल्मचं बरंचसं काम फुकटात करून घेता, आणि त्याला कुणी चालान करत नाही.

अर्धा चेहरा म्हातारा

२०१२च्याच एप्रिलमध्ये, निकालाच्या आठच दिवस आधी, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छायाचित्र छापून आलं. ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं मालगाडा चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाला शोभेल अशी. डावी बाजू मात्र जाड, खोल सुरकुत्यांची, जणू दुसऱ्याच माणसाची. अमेरिकेत चालक डावीकडं बसतो, खिडकी डावीकडं. आपल्याकडं हेच उजव्या गालाला होणार.

कारण असं की साधी काच अतिनीलमधला यूव्हीबी अडवते, पण यूव्हीएचा बराच भाग बाजूच्या काचेतून आत येतो. पुढची जोडकाच मधल्या थरामुळं जवळपास सगळा यूव्हीए थोपवते. म्हणून नांदेड-अकोला मार्गावर रोज ट्रक-टेम्पो हाकणाऱ्या माणसानं उजव्या हाताला पूर्ण बाही आणि गालाला दुपट्टा घेतला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. वऱ्हाडातले लोक दुपट्टा आधीपासून घेतात, फक्त गाडीत बसल्यावर काढून ठेवतात. बाजूची काच ऊन अडवते हा समज अर्धाच खरा आहे. आणि यूव्ही अडवायला काळेपणा लागत नाही, संपूर्ण पारदर्शक फिल्मही ते काम करते.

रात्री घाटात

पातूरहून वाशीमकडं निघालं की राष्ट्रीय महामार्ग १६१ डोंगर चढू लागतो. रात्री या घाटात वळणं, ट्रकचे प्रखर दिवे, मधेच रस्ता ओलांडणारं जनावर. अशा वेळी बाजूच्या काळ्या काचेतून वळणाची आतली कड दिसत नाही, आणि आरसा दिसतो तोही काळ्या काचेतूनच. त्यात वयाचं गणित मिळवा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडतं. तरुण पोरगा काळी फिल्म लावतो आणि आठवड्यानं तीच गाडी त्याचे बाबा रात्री मालेगावला घेऊन जातात. पोराला जे 'जरा अंधारं' दिसतं, ते बाबांना दिसतच नाही.

जगाची एक धावती फेरी

दुबई आपल्याइतकीच तापते. तिथं २०१७पासून बाजूच्या आणि मागच्या काचा ५० टक्क्यांपर्यंत काळ्या करता येतात, आधी ही मर्यादा ३० होती. पुढच्या काचेला हात लावायचा नाही. ब्रिटनमध्ये पुढची काच ७५, चालकाशेजारच्या ७०, मागं मात्र मोकळीक. फ्रान्सनं १ जानेवारी २०१७पासून पुढच्या दारांच्या काचांना ७० टक्के सक्तीचे केले. मोडलं तर १३५ युरो आणि परवान्यावरचे ३ गुण गेले. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा आपला आकडा. पुढच्या दाराच्या काचेला टेक्सासात २५ चालतात, फ्लोरिडात २८, अॅरिझोनात ३३, आणि कॅलिफोर्नियात ७० लागतात. डॅलसचं मराठी कुटुंब बदली होऊन सान होझेला गेलं, तर भांडी-कुंडी, देव्हारा सगळं तसंच नेता येतं, गाडीची फिल्म तेवढी खरवडावी लागते.

२०२१नंतरचं वळण

आता जे सांगते ते पातूरच्या किती दुकानांपर्यंत पोचलंय, देव जाणे, पण पोचायला हवं. नियम १०० बदलला आहे. १ एप्रिल २०२१पासून 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, म्हणजे आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही मानकात बसली. त्यावर सप्टेंबर २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. नगरेश यांनी निकाल दिला, की ७०-५० पाळणारी, मानकात बसणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही, आणि हा हक्क फक्त गाडी बनवणाऱ्या कंपनीचा नाही, मालकाचाही आहे. हेच केरळ २०२१च्या जानेवारीत 'ऑपरेशन स्क्रीन' काढून पडदे आणि फिल्म शोधत फिरत होतं.

माझं मत स्पष्ट आहे. हा बदल वऱ्हाडासारख्या भागासाठी न्यायाचा आहे. जिथं उन्हासाठी जमावबंदीचं कलम लागतं, तिथं उजेड सोडून ऊन अडवणारी फिल्म लोकांना मिळायलाच हवी. पण केरळचा निकाल केरळच्या न्यायालयाचा आहे. आपल्या चौकातल्या हवालदाराच्या डोक्यात अजून २०१२ पक्कं असू शकतं. म्हणून फिल्म लावलीच तर मानकाचा उल्लेख असलेलं बिल आणि कंपनीचं प्रमाणपत्र गाडीत ठेवा. आणि पोलिसांकडं टिंट मीटर असायला हवा. छोटं यंत्र असतं, काचेच्या एका बाजूनं दिवा, दुसऱ्या बाजूनं प्रकाश मोजणारा भाग, आकडा लगेच समोर. आकड्याचा कायदा डोळ्याच्या अंदाजानं राबवला की वाद होतात आणि चिरीमिरीला वाव मिळतो.

दंडाचं बोलायचं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर १५०० रुपयांपर्यंत. आधी पहिल्या वेळचा हाच दंड १०० रुपयांपर्यंत होता.

रेडियमवाल्याच्या हातात

नंबरप्लेट, 'आईचा आशीर्वाद', मागच्या काचेवरचा वाघ आणि सनफिल्म, सगळं एकाच दुकानात. काम बघण्यासारखं असतं. आधी काच साबणाच्या पाण्यानं भिजवायची. फिल्म बाहेरच्या बाजूनं अंथरून ब्लेडनं कड कापायची. मग हीट गननं तिला काचेच्या बाकाप्रमाणं आकसवायची, आणि शेवटी आतून लावून रबरी पट्टीनं मधून कडेकडं पाणी हुसकायचं. फिल्मखाली धुळीचा एक कण राहिला की जन्मभराचा फोड. स्वस्त फिल्म दोन-चार उन्हाळ्यांत जांभळी पडते, कारण तिच्यातले रंग उन्हानं सारख्या वेगानं उडत नाहीत. जांभळी, फुगलेली काच दिसली की समजा, ऊन अडवायचं काम तिनं कधीच सोडलंय.

काढताना जास्त जपावं लागतं. मागच्या काचेवर त्या आडव्या तांबूस रेषा असतात ना, त्या डीफॉगरच्या तारा. ब्लेड उभा-आडवा चालवला की एक रेष तुटते आणि पावसाळ्यात काचेवर तेवढाच पट्टा धुकट राहतो. गोंद मऊ करून, कोपऱ्यातून धरून, हळूहळू सोलायची. उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीवर हे काम निम्म्या कष्टात होतं.

बाकी उपाय साधे आहेत. उभ्या गाडीत पुढच्या काचेमागं चंदेरी सनशेड लावायला कुणाची हरकत नाही, फक्त निघताना काढायची. निंबाखाली जागा धरायची. निघताना चारही काचा उघडून मिनिटभर गाडी चालवायची, आतली भट्टी बाहेर जाऊ द्यायची, मगच एसी लावायचा. खिडकीला अडकवायच्या काळ्या जाळीचा मोह मात्र आवरा. चालत्या गाडीत तीही प्रकाश अडवतेच, आणि पोलीस तिला फिल्मच्याच रांगेत बसवतात.

सेकंडहँड गाडी घेत असाल तर एक काम नक्की करा. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ हा आकडा आहे का बघा. एखाद्याच काचेवर नसेल तर ती मधे कधीतरी बदलली आहे, विचारा का ते. फिल्म असेल तर विकणाऱ्याकडूनच काढून घ्या. आणि महाट्रॅफिक अॅपवर गाडीचा नंबर टाकून जुनी ई-चालानं तपासा. काळ्या काचेचं एखादं थकलेलं निघालं तर ते त्याच्याकडून भरून घ्या, मगच कागदावर सही करा.